एक हजार आठशे सहा फोटो

१४ मार्च रोजी पाणीपट्टीच्या हिशेबात तीन लाख शहाऐंशी हजार दोनशे चाळीस रुपयांची तूट निघाली. उपसा केंद्रावरच्या मोठ्या मीटरप्रमाणे जेवढे पाणी शहरात सोडले गेले होते, तेवढ्या पाण्याची बिले निघालीच नव्हती. "पाणी कुठेतरी मुरतंय," हे वाक्य त्या दिवशी कार्यालयात प्रत्येकाने एकदा तरी म्हटले, आणि प्रत्येकाला ते आपल्यालाच सुचले असे वाटले.

नव्या अधिकारी मॅडमना कार्यालयात येऊन चारच महिने झाले होते. त्यांनी संशयाचे बोट सरळ मीटर वाचणाऱ्या पाच जणांकडे वळवले. हे पाच जण घरोघर जाऊन नळाच्या मीटरवरचा आकडा टिपत आणि पुरावा म्हणून कार्यालयाने दिलेल्या फोनवर मीटरचा फोटो काढत. महिनाअखेरीला ग्राहक क्रमांकाचे नाव दिलेले फोटो आणि आकड्यांची यादी हिशेबनिसाकडे जमा होई.

"हे लोक खरंच घरोघर जातात, की झाडाखाली बसून आकडे ठोकून देतात?" मॅडमनी विचारले.

"ते फोटोच सांगतील," हिशेबनीस म्हणाला.

फोटो तपासायला त्याला कोणी सांगितले नव्हते. निवृत्तीला सव्वा वर्ष उरले होते. वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी त्याने संध्याकाळच्या वर्गाला नाव घातले होते आणि नातवंडांच्या वयाच्या पोरांत बसून संगणकाला हुकूम कसे लिहायचे ते शिकला होता. उभ्या नोकरीत त्याने दुसऱ्यांनी आखलेल्या रकान्यांत आकडे भरले. जाण्यापूर्वी एक तरी रकाना आपण आखावा, एवढीच त्याची हौस. कार्यालयात त्याला सगळे हिशेबनीसच म्हणत. खरे नाव फक्त पगारपत्रकावर उरले होते.

फोनवर काढलेल्या फोटोला जसा चेहरा असतो तसे पोटही असते, हे तो वर्गात शिकला होता. फोटो कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या जागी आणि कोणत्या बनावटीच्या फोनने काढला, हे सगळे त्याच फाइलीत लिहिलेले असते. डोळ्यांना दिसत नाही इतकेच. हे वाचून काढायला त्याने चाळीस ओळींची स्क्रिप्ट लिहिली. पहिल्या खेपेला तिने सांगितले की सगळेच्या सगळे नऊ हजार चारशे बारा फोटो १६ मार्चला दुपारी काढलेले आहेत. हिशेबनीस हबकला. मग लक्षात आले, की फोटो त्याने त्या दुपारी संगणकावर उतरवून घेतले होते आणि स्क्रिप्ट उतरवल्याची तारीख वाचत होती. चूक तिची नव्हती. जे विचारले त्याचेच तिने उत्तर दिले होते. त्याने एक ओळ बदलली, फोटो काढल्याची तारीख मागितली आणि पुन्हा चालवली.

तीन महिन्यांचे फोटो सहा मिनिटांत संपले. प्रत्येक फोटोची एक ओळ: तारीख, वेळ, अक्षांश, रेखांश, फोन. चौघांचे काम ठीकठाक होते. एकाने दोन शेजाऱ्यांना एकच फोटो लावला होता, दुसऱ्याने मीटरऐवजी स्वतःच्या बुटांचे अकरा फोटो जमा केले होते. पण जागा खऱ्या होत्या, वेळा सकाळच्या होत्या.

पाचव्याच्या एक हजार आठशे सहा ओळी मात्र एकाखाली एक सारख्याच. वेळ संध्याकाळी सव्वासात ते पावणेनऊ. फोन कार्यालयाने दिलेला नव्हे, भलत्याच बनावटीचा. आणि जागा एकच. हिशेबनिसाने ती जागा नकाशावर टाकून पाहिली. निळी खूण ज्या घरावर टेकली, त्या घराचा बाहेरचा जिना त्याला पाठ होता. तिसरी पायरी हलत असे. त्या घरात तो सत्तावीस वर्षे जेवायला जात होता.

ते घर पायगाडीचे होते.

पायगाडी हे अर्थातच टोपणनाव. नोकरीला लागला तेव्हा कार्यालयाने सायकलीसाठी कर्ज देऊ केले, तर हा म्हणाला, "मला आईबापांनी दोन चाकं दिलीत, कर्ज न काढता." तेव्हापासून पायगाडी. उंच, काटकुळा, पुढे झुकून चालणारा. सहाशे दोन घरांचा भाग त्याच्याकडे होता आणि तो भाग त्याच्या पायांना पाठ होता. लोखंडी झाकणाखालचा मीटर फाटकापासून किती पावलांवर आहे, कोणते कुत्रे नुसते भुंकते आणि कोणते न भुंकता चावते, कोणत्या म्हातारीला आकड्यापेक्षा दोन शब्द हवे असतात, सारे त्याला ठाऊक होते. हिशेबनिसाच्या टेबलाशी आला की म्हणायचा, "काय हिशेबनीस, जमलं का? की अजून हातचा एक शिल्लक आहे?" याच माणसाचे फोटो कार्यालयात सगळ्यांत चांगले मानले जात. आकडे ठसठशीत, सरळ, चौकट भरून. इतरांना दाखवायला मागच्या वर्षी त्यातला एक फोटो सूचना फलकावर लावला होता.

हिशेबनिसाने त्या ओळी छापल्या आणि तो कागद खणात ठेवला. एक दिवस तो खणात होता. जेवणाच्या सुट्टीत पायगाडी येऊन समोर बसला, गप्पा मारून गेला. तेव्हा विचारता आले असते. हिशेबनिसाने विचारले नाही. आधी नोंद, मग ओळख, हे त्याचे स्वतःचे वाक्य होते आणि नव्या कारकुनांना तो ते ऐकवत आला होता. आता आपल्याच माणसाची वेळ आल्यावर ते गिळायचे कसे? दुसऱ्या दिवशी अकरा वाजून दहा मिनिटांनी त्याने कागद मॅडमच्या टेबलावर ठेवला.

बारा वाजता पायगाडीला बोलावले. हिशेबनीस टिपण घ्यायला शेजारी बसला होता.

"हे फोटो कुठे काढलेत?" मॅडमनी विचारले.

पायगाडीने कागद हातात घेतला, खाली पाहिले आणि परत दिला. "घरी."

"घरी? आणि घरोघर कोण गेलं?"

"मीच गेलो."

"पुरावा?"

"पाय," पायगाडी म्हणाला.

बाहेर कोणीतरी हसले. मॅडम हसल्या नाहीत. "मग घरी काढलेल्या फोटोंत लोकांचे मीटर आले कुठून?" या प्रश्नावर तो हिशेबनिसाकडे वळला. म्हणाला, "अरे, मला आधी सांगायचंस तरी." आवाजात राग नव्हता. राग असता तर हिशेबनिसाला बरे वाटले असते.

निलंबनाचा हुकूम साडेतीनला निघाला. खोटे आकडे दिल्याचे सिद्ध झाले तर बडतर्फी, आणि निवृत्तिवेतन नाही. पूर्ण निवृत्तिवेतनाला लागणारी पायगाडीची तीस वर्षे भरायला अकरा महिने बाकी होते.

कार्यालयाच्या वस्तू परत घेण्याचे काम हिशेबनिसाकडेच आले. नियमाप्रमाणे त्याने लिहिले: ओळखपत्र एक, विजेरी एक, झाकण उचलायचा आकडा एक, फोन एक. फोन उलटून पाहिला. पडद्याच्या काचेला डाव्या वरच्या कोपऱ्यातून तिरपा तडा होता, मध्येच एक बारीक फाटा फुटलेला. त्याने लिहिले: काच तडकलेली. वसुली रुपये तीनशे चाळीस. पायगाडीने कुठे सही करायची ते विचारले, आणि हिशेबनिसाने बोट ठेवले तिथे केली.

पायगाडी गेल्यावर त्याचे लक्ष पुन्हा त्या तड्याकडे गेले. ही रेघ आपण कुठेतरी पाहिली आहे, असे त्याला वाटत राहिले. मग आठवले. त्याने संगणकावर पायगाडीचा एक फोटो उघडला. दुसरा उघडला. तिसरा. प्रत्येक फोटोत, डाव्या वरच्या कोपऱ्यात, केसासारखी तिरपी रेघ होती आणि मध्येच तोच बारीक फाटा. आजवर ती मीटरच्या काचेवरची रेघ समजून त्याने सोडून दिली होती. पण सहाशे दोन घरांच्या मीटरना एकाच जागी एकसारखा तडा जाईल कसा?

हे मीटरचे फोटो नव्हते. फोनच्या पडद्यावर मीटरचा फोटो मोठा करून, त्या पडद्याचा दुसऱ्या फोनने काढलेला फोटो होता.

मग मूळ फोटो कुठे गेले? हिशेबनिसाने कार्यालयाचा फोन चालू केला. त्यात शेवटच्या पाच दिवसांचे एकशे अठरा फोटो शिल्लक होते. वाकडे, लांबून काढलेले, काहींत मीटर नुसता एका कोपऱ्यात. त्याने ते उतरवून घेतले आणि स्क्रिप्ट चालवली. एकशे अठरा ओळी. एकशे अठरा वेगवेगळ्या जागा. पहिला फोटो सकाळी सात वाजून बावन्न मिनिटांनी, शेवटचा पाचव्या दिवशी दुपारी पाऊण वाजता. एकापाठोपाठ एक जागा जोडल्या तर त्याच्या भागातल्या गल्ल्यांचा नकाशा तयार होत होता. माणूस एकही घर न चुकवता चालला होता.

हिशेबनीस कार्यालय सुटताच थेट त्याच्या घरी गेला. तिसरी पायरी हलली.

दार पायगाडीच्या बायकोने, वहिनींनी उघडले. "या भाऊजी. कागद आणलाय का अजून एखादा? ठेवा तिथं, रद्दीत जागा आहे."

"वहिनी, फोटो तुम्ही काढायचात ना?"

त्या दारातच थांबल्या. मग बाजूला झाल्या. पायगाडी खिडकीशी खुर्चीत बसला होता. त्याने मान वळवली. पण हिशेबनिसाच्या चेहऱ्याकडे न पाहता थोडे बाजूला पाहिले, जणू शेजारी आणखी कोणी उभे होते.

"मीच काढायचे," वहिनी म्हणाल्या. "संध्याकाळी जेवणाआधी या टेबलावर. ह्यांच्या फोनवर फोटो बोटांनी मोठा करायचा, आकडा वाचायचा, वहीत लिहायचा आणि माझ्या फोननं तो मोठा झालेला आकडा टिपायचा. तुमचंच पत्रक आलं होतं ना, आकडा स्पष्ट नसलेला फोटो स्वीकारला जाणार नाही म्हणून? खाली सही तुमची. मी म्हटलं, साहेब लोकांना मान वाकडी करावी लागू नये. ह्यांचा फोन भरला की जुने काढून टाकायचे."

पत्रक हिशेबनिसाला आठवले. भाषा चांगली जमली म्हणून तेव्हा त्याने ते दोनदा वाचले होते.

"पण आकडा तू का नाही वाचायचास?" त्याने पायगाडीला विचारले.

पायगाडी हसला. "तुझा शर्ट कुठल्या रंगाचा आहे ते सांगतो. निळा. तू दारात आलास ते पावलांवरून कळलं. पण तुझं नाक विचारू नकोस. गेली दोन वर्षं तुला नाक नाही."

डोळ्यांच्या मधोमध डाग पडला होता. कडेचे दिसे, समोरचे पुसले जाई. रस्ता दिसे, फाटक दिसे, कुत्रे दिसे. ज्याच्याकडे नेमके पाहावे तेच जाई. चष्म्याचा उपयोग नाही असे डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितले होते. मीटर वाचणाऱ्याला डोळ्यांचा दाखला लागतो; हे कळले असते तर त्याच दिवशी घरी बसवले असते.

"अकरा महिने रे," पायगाडी म्हणाला. "आणि चौकशीचं म्हणशील, तर आपल्या ऑफिसात चौकशी कधी वर्षाच्या आत संपलीय? चोर ठरायच्या आत माझी तीस वर्षं भरतील."

"आता संपते," हिशेबनीस म्हणाला. "पुरावा सहा मिनिटांत निघतो."

"हो, ते राहिलंच. तू शिकलास ना."

मग हिशेबनिसाने एकशे अठरा फोटोंचे सांगितले. यावरून तू गेला होतास हे सिद्ध होते, चोरीचा ठपका उद्याच निघेल, असे म्हणाला.

"आणि मग विचारतील, बायकोनं आकडे का वाचले," पायगाडी म्हणाला. "नको. राहू दे. चोर तर चोर. चोराला निदान रस्त्यानं एकटं चालू देतात."

"तुम्हाला चालेल," वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "मला नाही चालायचं. दोन वर्षं मी एकेक आकडा दोनदा वाचलाय, आठ आहे की तीन म्हणून दिव्याखाली धरून बघितलाय. ते सगळं खोटं होतं असं कागदावर राहू देऊ? भाऊजी, निम्मं सांगा. हे घरोघर गेले, एवढं सांगा. दमून येतात म्हणून मी मदत केली म्हणा. डोळ्यांचं काढू नका."

हिशेबनिसाने पायगाडीकडे पाहिले. त्याने खिडकीकडे तोंड वळवले. "सांग," म्हणाला. "निम्मंच सांग."

दुसऱ्या दिवशी हिशेबनिसाने दोन पानी टिपण नेले. तडा, दोन फोन, एकशे अठरा जागा, वेळा, नकाशा. मॅडमनी ते नीट वाचले, फोनचा तडा फोटोतल्या रेघेशी स्वतः ताडून पाहिला आणि निलंबन मागे घेण्याचा शेरा तिथल्या तिथे लिहिला. हिशेबनीस उठणार, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "एक विचारू? माणूस मीटरसमोर उभा आहे. आकडा समोर आहे. तो वाचून लिहायला दोन सेकंद लागतात. मग घरी नेऊन बायकोकडून का वाचून घ्यायचा?"

"दमतो, मॅडम."

"दोन सेकंदांत?" त्यांनी टिपण खाली ठेवले. "त्यांना दिसतं का?"

हिशेबनिसाच्या तोंडाशी "हो" आले होते. एका अक्षराचा शब्द. सत्तावीस वर्षांत त्याने सही केलेल्या कागदावर खोटे एक अक्षर नव्हते, आणि ते त्याला आता येईना. तो गप्प बसला. मॅडमनी थोडा वेळ वाट पाहिली आणि मग पेन उचलले. गप्प बसणे हेच उत्तर झाले होते.

त्या वाईट बाई नव्हत्या. वैद्यकीय तपासणीसाठी त्यांनी महिनाभर उशिराची तारीख दिली. पण तपासणी व्हायची ती झाली. पायगाडी एकोणतीस वर्षे दोन महिन्यांच्या सेवेनंतर वैद्यकीय कारणाने निवृत्त झाला. निवृत्तिवेतन कमी बसले, पण बसले. त्याचा भाग ज्याच्याकडे गेला, त्याने सहाशे दोन घरांचे आकडे नव्याने घेतले. वहिनींनी लिहिलेल्या आकड्यांशी ताडल्यावर तीन चुका निघाल्या, त्यातल्या दोन त्या नव्या माणसाच्या. जूनमध्ये तुटीचाही उलगडा झाला. उपसा केंद्रावरचा मोठा मीटरच जास्त पळत होता. एवढे पाणी कधी सोडलेच नव्हते. तीन लाख शहाऐंशी हजार दोनशे चाळीस रुपये कोणी खाल्ले नव्हते, कारण ते नव्हतेच. त्या मीटरचा फोटो काढण्याची पद्धत नव्हती.

घरी बसल्यावर पायगाडी झपाट्याने खचला. पहिले दोन महिने तो सकाळी एकटा निघायचा, काठी न घेता, आणि आपल्याच भागातून फिरून यायचा. मग लोकांना डोळ्यांचे कळले. ज्या म्हाताऱ्या दोन शब्दांसाठी थांबवत, त्या आता हात धरून रस्ता ओलांडून द्यायला धावू लागल्या. तेव्हापासून त्याने जिना उतरणे सोडले.

हिशेबनीस दर रविवारी जाई. सुरुवातीला पायगाडी विचारायचा, "काय हिशेबनीस, जमलं का?" पुढे पुढे विचारीनासा झाला. माफीचे वाक्य हिशेबनिसाने अनेकदा मनात जुळवले, पण पायगाडीने त्याला त्या वाक्यापाशी कधी येऊच दिले नाही. जवळ आला की तो वहिनींना चहा टाकायला सांगे.

ज्या दिवशी तीस वर्षे भरली असती, त्या दिवशी हिशेबनीस रजा टाकून सकाळी साडेसातला गेला. "चल," म्हणाला. "तुझा भाग दाखव मला. कागदावरच पाहिलाय."

पायगाडी नको म्हणाला. वहिनींनी त्याचे बूट आणून पायांशी ठेवले. मग निघाला. हात धरू दिला नाही, अर्धे पाऊल पुढेच राहिला. पहिल्या फाटकाशी थांबून म्हणाला, "आत नऊ पावलं. उजवीकडे झाकण." झाकण होते. हिशेबनीस वाकला आणि त्याने आकडा मोठ्याने वाचला. पायगाडीने मान हलवली. दुसऱ्या घरी बारा पावले. तिसऱ्या घरी कुत्रे नुसते भुंकले. चौदा घरे झाली. पंधराव्या फाटकाशी पायगाडीने मान खाली घालून पावले मोजली आणि तो भिंतीवर आपटला. मालकाने मागच्याच महिन्यात मीटर हलवून तिथे भिंत घातली होती. त्याने तळहाताने ती वरपासून खालपर्यंत चाचपली.

"हे मला कोणी सांगितलं नाही," तो म्हणाला. मग म्हणाला, "घरी चल." येताना त्याने हिशेबनिसाला दंड धरू दिला. त्यानंतर तो पुन्हा भागात गेला नाही.

फोनच्या काचेचे तीनशे चाळीस रुपये त्याच्या अखेरच्या हिशेबातून कापले गेले होते. त्याच तड्यामुळे त्याच्यावरचा ठपका निघाला, तेव्हा ही वसुली रद्द करावी, असा अर्ज हिशेबनिसाने स्वतः लिहून वर पाठवला. अर्जाला आवक क्रमांक पडला, पुढे काही झाले नाही. निवृत्त होण्याच्या आदल्या दिवशी त्याने खिशातून तेवढे पैसे काढून पायगाडीपुढे धरले. पायगाडीने नोटा बोटांनी चाचपल्या आणि परत केल्या.

"तुझे नकोत," तो म्हणाला. "ऑफिसचे हवेत."

कार्यालयाकडून पायगाडीला तीनशे चाळीस रुपये येणे आहे. अजून मिळालेले नाहीत.